खुनी नदीतल्या खुणा

विठ्ठलराव पाटलांचं डिझेल इंजिन खुनी नदीच्या डोहात गेलं, तेव्हा सगळं करंजखेड हळहळलं, आणि घरी जाऊन थोडं हसलंही. केळापूर तालुक्यात तेव्हा इंजिनं मोजकीच. पाटलांनी ते नदीकाठी बसवलं, हार घातला, नारळ फोडला आणि हँडल मारलं. इंजिन असं काही हादरायला लागलं की त्याच्याखालचा काठच खचला. धडधडत, धूर सोडत, हारासकट ते डोहात उतरलं. पाटील हातात पाना घेऊन बराच वेळ पाण्याकडे बघत उभे होते, जसं काही इंजिनाला आपली चूक समजेल आणि ते परत येईल.

गोवा मोकळा झाला त्याच्या पुढचा उन्हाळा होता. त्याच उन्हाळ्यात मथुराबाईचा भीमराज नेव्हीतून सुट्टीवर आला. भीमराज कोचीनला पाणबुड्या होता. समुद्रात पेरलेले सुरुंग शोधायचे, त्यांना खूण करायची आणि साहेबाचा हुकूम झाला की वर काढायचे, हे त्याचं काम. आमच्याकडे सुरुंग म्हणजे विहिरीतला. बार उडाला की खडक फुटतो आणि पाणी लागतं. समुद्रात पाणी लागलेलंच असताना तिथं सुरुंग कशाला लावतात, हे मथुराबाईच्या जावेला, इंदूबाईला, शेवटपर्यंत पटलं नाही. सरकारचा पैसा असाच जातो, एवढंच ती म्हणाली.

पाटील स्वतः वस्तीत आले. बौद्ध वस्तीत ते एरवी यायचे मतं मागायला, आणि तेही बैलगाडीतून खाली न उतरता. आता ते मथुराबाईच्या ओट्यावर मांडी घालून बसले, तिच्या हातचा चहा प्यायले आणि आणखी अर्धा कप मागून घेतला. इंजिनानं एवढं काम पाण्याखालूनच केलं.

भीमराजनं हो म्हटलं आणि ओट्यावर जमलेल्या लोकांना आपली रीत समजावून सांगायला बसला. तळाला एक वजनाची दोरी ताणायची आणि तिला धरून चाचपत पुढं सरकायचं, कारण गढूळ पाण्यात डोळ्यांचा काही उपयोग नसतो. काही लागलं की ते हलवायचं नाही, उलटं-पालटं करून बघायचं नाही. बारीक दोरीनं तिथं एक बोया बांधायचा आणि सोडून द्यायचा. बोया वर जाऊन तरंगतो, मग वरच्यांना कळतं की खाली काहीतरी आहे. उचलायची वेळ आली की रबराची थैली बांधून तिच्यात हवा भरायची, ती फुगून मणामणाचं वजन अलगद वर नेते. आणि अंगावर लोखंड म्हणून ठेवायचं नाही, कारण काही सुरुंग लोखंडाच्या वासावरच असतात. पाणबुड्याचा चाकूसुद्धा पितळेच्या जातीचा.

हे सगळं सामान कोचीनला सरकारी कोठारात होतं. भीमराजनं बरोबर आणला होता तो फक्त पाण्यात घालायचा काचेचा चष्मा. बाकी गावातच जमवलं. बोयाच्या जागी वाळलेले भोपळे, जे पाठीला बांधून आमची पोरं पोहायला शिकतात. दुरून दिसावेत म्हणून त्यांना गेरू फासला. रबरी थैलीच्या जागी लॉरीच्या जुन्या ट्यूबा, हवेसाठी सायकलचा पंप आणि एक लांब नळी. 

‘म्या आधी सगळ्या डोहात खुना करून घेतो,’ भीमराज म्हणाला, ‘मंग उचलाचं पाहू.’

आमच्या भागात ‘ण’ हे अक्षर पोरं शाळेत शिकतात आणि घरी येताना शाळेतच ठेवून येतात. पाण्याला पानी म्हणतात, कोणाला कोन, आणि खुणेला खून. त्यावाचून कोणाचं काही अडत नाही. ओट्यावरच्या सगळ्यांना भीमराजचं बोलणं नीट समजलं, सगळ्यांनी माना डोलावल्या. त्याची आई मात्र चहाची भांडी उचलून आत गेली आणि चुलीपुढं बसून राहिली.

कारण त्या डोहाच्या तळाशी वस्तीची डेग होती, आणि ते मथुराबाईशिवाय कोणालाही ठाऊक नव्हतं.

दीक्षा घेतल्यावर वस्तीनं मिळून जी पहिली वस्तू घेतली ती ही डेग. पितळेची, चार कड्यांची, आत माणूस मांडी घालून बसेल एवढी. बाहेरून नाव कोरलेलं, बौद्ध वस्ती, करंजखेड. जयंतीचा भात तिच्यात, लग्नाचं वरण तिच्यात. कोणाच्या दारात भांडं मागायला उभं राहायची गरज उरली नाही, म्हणून सुरुवातीला लोक काही न शिजवताही तिच्याकडे नुसते बघत बसायचे.

दोन पावसाळ्यांपूर्वी एका लग्नानंतर मथुराबाई डेग घासायला नदीवर घेऊन गेली. तिची बकरी पलीकडच्या काठावर चरत होती. वर कुठं पाऊस झाला असावा, पाणी चढायला लागलं. बकरी पाण्याला भिऊन तिकडूनच ओरडत होती. मथुराबाईनं बकरीकडे पाहिलं, डेगीकडे पाहिलं, आणि तिच्या डोक्यात ती अक्कल आली. उथळ जागेवरून डेग ढकलत ती पलीकडे गेली, बकरीला डेगीत उभं केलं आणि ढकलत परत निघाली. अर्ध्यापर्यंत सगळं छान चाललं होतं. मग बकरीला वाहत आलेली बाभळीची फांदी दिसली. पाला खायला ती एका अंगाला वाकली, डेग कलंडली, गटागटा पाणी प्यायली आणि प्रवाहाबरोबर डोहाकडे घसरत जाऊन दिसेनाशी झाली. पाण्याला भिणारी बकरी पोहत, मथुराबाईच्याही आधी, काठावर पोचली.

मथुराबाई ओल्या लुगड्यानं घरी आली, आता सांगते, मग सांगते करत बसली. तेवढ्यात वस्तीत ओरड झाली की डेग चोरीला गेली. धुवायला ठेवून बाई बकरीला आणायला गेली असेल, तेवढ्यात कोणी उचलली, असं लोकांनीच परस्पर ठरवलं. मग इंदूबाईला आठवलं की तांड्यावरच्या लखीरामची बैलगाडी कडबा भरून नदीवरून गेली होती. कडब्याखाली काय असेल ते कोणी पाहिलं. सगळे मथुराबाईकडे वळले. तिनं गाडी पाहिली होती का.

‘गाडी तं गेलती बापा,’ मथुराबाई म्हणाली.

यात एक अक्षर खोटं नव्हतं. गाडी खरंच गेली होती.

तेवढ्यावर लखीरामचं काम झालं. पोलिसात कोणी गेलं नाही, पुरावा नव्हता. पण वस्तीतल्या लग्नांना वऱ्हाड आणायला त्याची गाडी असायची, ती बंद झाली. पाठोपाठ गावानंही दुसरी गाडी धरली. पोरं त्याला डेग्या म्हणायला लागली, मग मोठी माणसंही. त्याची बायको जमनी वस्तीत चोळ्या शिवून द्यायची, ती यायची बंद झाली. लखीराम प्रत्येकाला सांगायचा की मी नाही घेतली. लोक ऐकून घ्यायचे आणि पुढं म्हणायचे, बरं डेग्या, येतो.

मथुराबाई मात्र डेगीसाठी इतकी रडली, की वस्तीनं तिच्याच घरी सगळी भांडी ठेवायला दिली. एवढी माया दुसऱ्या कोणाला आहे, असं लोक म्हणायचे. मागून आणलेल्या डेगीतला भात तिच्या घशाखाली उतरायचा नाही, तेव्हाही लोकांना वाटायचं, मायाच. लखीरामचे बैल दारावरून गेले की ती त्यांच्यापुढं सरकीची ढेप टाकायची. बैलांचं वजन वाढलं. तिचं झोप न येऊन उतरलं.

आणि आता तिचाच पोरगा डोहात उतरून तळ चाचपणार होता.

डोहात मगर आहे, असं तिनं सांगून पाहिलं. भीमराजला मगरीचा उलट आनंद झाला. मग तिला त्याचंच एक बोलणं आठवलं, की पाणबुड्या भरल्या पोटी पाण्यात उतरत नाही. दुसऱ्या दिवशी तो उठून तोंड धुतो न धुतो तोच त्याच्यापुढं पुरणाच्या पोळ्या आल्या, वर तूप. त्या दिवशीचं राहिलं. त्याच्या पुढच्या दिवशी वडाभात. त्याच्या पुढच्या दिवशी मांडे, आणि मांडे काही रोज होत नाहीत, म्हणून पोरगं पोटाला तडस लागेपर्यंत खाऊन पालथं पडलं. पाटील सकाळी सकाळी येऊन ओट्याखालूनच विचारायचे, पोट खाली झालं का त्याचं. घरात डाळ संपत आली, इंदूबाई भिंतीपलीकडून म्हणाली की लेकराला सणाच्या बैलासारखं कायले चारून राह्यली, मथुराबाई म्हणाली, लेकरू पाण्यावर राहते वर्षभर, सुकलं.

इकडे गावातही जरा शांतता पसरली होती. सगळ्या डोहात खुणा होणार हे कळल्यावर एका माणसाला आपलं जुनं दुधाचं माप आठवलं, जे तपासणीच्या भीतीनं त्यानं तिथं टाकलं होतं. दुसऱ्याला चुलतभावाच्या धुऱ्यावरचा हद्दीचा दगड आठवला, जो त्यानं रातोरात उपटून डोहात लोटला होता. दोघेही पाटलांना जाऊन म्हणाले की इंजिन काय, दुसरं घेता येईल.

एका सकाळी भीमराज आई उठायच्या आधीच उठला आणि उपाशी डोहावर गेला.

मथुराबाई धावत पोचली तेव्हा सगळं गाव काठावर होतं. भीमराजच्या कमरेला मोटेचा सोल, तो जाड लांब दोर, बांधलेला होता, आणि सोलाचं दुसरं टोक लखीरामच्या हातात होतं. एवढा लांब सोल फक्त त्याच्याकडे होता, इंजिन ओढायला लागणारे बैलही त्याचेच, म्हणून पाटलांनी त्याला बोलावलं होतं. लोक त्याच्यापासून थोडं अंतर ठेवून उभे होते. भीमराजनं त्याला समजावलं होतं, की खालून एक हिसका आला तर सगळं ठीक, हिसक्यावर हिसके आले तर जिवाच्या करारावर ओढायचं.

लखीरामनं सोल दोन्ही हातांच्या बोटांवर असा धरला होता, जशी एखादी तान्ह्याची मान धरते. नाकावर माशी बसली, तरी हात सोडला नाही. मथुराबाई त्याच्या मागं येऊन उभी राहिली. त्यानं मान न वळवता तिला ओळखलं.

‘याडी, फिकर नोको करू,’ तांड्यात आईला म्हणतात तशी हाक मारत तो म्हणाला. ‘तुहा पोरगा माह्या हातात हाये.’

मथुराबाईनं पदर तोंडात धरला. लोकांना वाटलं, आईचं काळीज.

पहिला भोपळा पाटलांच्या इंजिनावरून वर आला. टाळ्या झाल्या. पाटलांनी भोपळ्याला हात जोडले. दुसरा भोपळा पार वळणावर, कपारीजवळ वर आला. त्याच्यामागं भीमराज आला तो गंभीर तोंड करून. लोकांना त्यानं चार पावलं मागं सरकवलं आणि दोन्ही हात पसरून आकार दाखवला. गोल आहे, अर्धं गाळात रुतलेलं आहे, वरून फुगीर आहे, बाजूला कड्या आहेत, आणि लोखंड नाही. वस्तीनं डेग घेतली तेव्हा तो कोचीनला होता, ती त्यानं कधी पाहिली नव्हती. समुद्रातला सुरुंग खुनी नदीत येत नाही हे त्यालाही कळत होतं. पण त्याचे हात अशाच आकारावर शिकलेले होते, आणि नेम म्हणजे नेम.

‘म्या खून केली हाये,’ तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. ‘आता कोनी तठी हात लावाचा नाही.’

नेमका एवढ्यात देवराव कोतवाल आला. उशीर झाला म्हणून तो पळतच येत होता आणि त्याच्या कानावर फक्त हे शेवटचं पडलं. नदीला खुनी हे नाव उगाच पडलं नाही, असं देवरावला लहानपणापासून वाटायचं. तो आला तसाच वळला आणि पांढरकवड्याचा रस्ता धरला. भीमराजनं दम घेतला, लोकांनी शिदोऱ्या सोडल्या, पाटील इंजिनाच्या भोपळ्यावर नजर ठेवून बसले, आणि ऊन डोक्यावर आलं तेव्हा देवराव पोलिसांचा जमादार घेऊन परत आला.

जमादार घाटाकडचा. नवं राज्य झाल्यावर बदलून आलेला, त्याचा ‘ण’ अजून शाबूत होता. त्यानं एवढ्या उन्हात सायकल मारली होती आणि आयुष्यातला पहिला खून त्याला सापडत होता. त्यानं मिशा पुसल्या आणि विचारलं, खून कुणी केला.

‘म्या केली सायेब,’ भीमराज उठून सलामी ठोकत म्हणाला.

‘केली काय, केला म्हण.’

‘केला नाही सायेब. केली.’

‘बरं, केली. कुणाची?’

‘एक पाटलाच्या इंजिनची. दुसरी कायची ते अजून समजलं नाही.’

‘कुणाची ते समजलं नाही, आणि करून मोकळा झालास?’

‘तेच तं काम हाये सायेब. समजत नसन त्याले हलवाचं नाही. चुपचाप खून कराची आन वर याचं.’

जमादारानं एक पाऊल मागं घेतलं. हे कुठं शिकलास, असं त्यानं जरा हळू विचारलं.

‘कोचीनले. सरकारनंच शिकवलं. पगारच खुनाचा भेटते मले.’

जमादारानं कमरेच्या दोरीला हात घातला. तेव्हा पाटील मध्ये पडले आणि म्हणाले की साहेब, खून पाहायची असेल तर ती पाहा तिकडं, तरंगून राह्यली. जमादारानं डोळ्यांवर हात धरून पाहिलं. पाण्यावर गेरू लावलेले दोन भोपळे मजेत डोलत होते.

‘खूण,’ जमादार म्हणाला. मग बाभळीच्या सावलीत खाली बसला आणि पुन्हा एकदा, स्वतःशीच, ‘खूण.’

सगळं गाव हसलं. देवराव एका झाडामागं गेला. पण जमादाराला एवढ्या उन्हात रिकाम्या हातानं परत जायचं नव्हतं. ठाण्यात तो खून झाला असं सांगून निघाला होता. त्यानं विचारलं की त्या दुसऱ्या भोपळ्याखाली काय आहे. काढा वर. पाटील म्हणाले, आधी इंजिन. जमादार म्हणाला, आधी सरकार. भीमराजला काय, साहेबाचा हुकूम झाला होता.

मथुराबाई खाली बसली. तिच्या मनात तिथल्या तिथं एक हिशोब जुळला. डेग वर आली तर लोकांना दिसेल की ती पाण्यात बुडाली होती. बुडाली म्हणजे चोरी झाली नाही. चोरी नाही म्हणजे लखीराम सुटला. आपल्याला तोंड उघडायचीही गरज नाही. आपण इतके दिवस पुरणं कशाला घातली, असंसुद्धा तिला वाटलं.

भीमराजनं बुडी मारून नळीचं तोंड त्या पालथ्या वस्तूखाली सरकवलं. वर पाटील स्वतः पंप मारायला बसले. पटापट आटपलं की इंजिनाचा नंबर लागेल, म्हणून त्यांनी असा काही पंप मारला की त्यांची टोपी पडली, ती उचलायलाही थांबले नाहीत. आधी बुडबुडे आले. मग डोहाच्या पोटात काहीतरी गुरगुरलं, पाणी फुगलं आणि हिरवीगार, शेवाळानं माखलेली डेग पालथीच वर उडी मारून आली. एक मोठी ढेकर दिली. भीमराजनं ती पुन्हा बुडायच्या आत तिच्या कडीत फुगवलेली ट्यूब अडकवली, आपल्या कमरेचा सोल सोडून दुसऱ्या कडीला बांधला, आणि लखीरामनं बैल जोडून सोल ओढला.

पहिल्यांदा ओळखली ती लखीरामनंच. तो बैलांना सोडून डेगीजवळ गेला, हातानं शेवाळ पुसलं, कोरलेल्या अक्षरांवरून बोट फिरवलं. त्याला वाचता येत नव्हतं, पण ही अक्षरं कोणती ते त्याला पाठ होतं. तो सगळ्यांकडे वळला. त्याच्या तोंडावर इतकं हसू होतं की बघणाऱ्याला लाज वाटावी.

‘पाह्यलं,’ इंदूबाई म्हणाली. ‘अठी लपवली व्हती मेल्यानं.’

सगळ्यांना ते एकदम पटलं. तांड्यावर न्यायची सोय नव्हती म्हणून डोहात टाकली. निवांत काढायची होती. आज मुद्दाम सोल घेऊन आला, बघायला, की जागेवर आहे का. एकजण तर म्हणाला की सोलाला हात लावताना याचे हात किती जपून होते ते मी तेव्हाच पाहिलं. जमादाराचा चेहरा उजळला. कमरेची दोरी त्यानं शेवटी सोडलीच आणि लखीरामचे हात बांधायला लागला. लखीरामच्या तोंडावरचं हसू उतरायचं विसरून तसंच राहिलं होतं.

मथुराबाई उठली.

‘डेग म्या बुडवली,’ ती म्हणाली. ‘बकरीले पार करत व्हती डेगीतून. लखीरामचा काही संबंध नाही.’

लोकांनी तिच्याकडे फार प्रेमानं पाहिलं. इंदूबाईनं तिच्या खांद्यावर हात ठेवून जमादाराला सांगितलं, की जाऊबाईचं मन असंच आहे साहेब, डेगीसाठी दोन वर्षं रडली आणि आता चोराचीही दया येऊन राह्यली. मथुराबाई म्हणाली की मी त्याच कारणानं रडत होती. लोक म्हणाले, बरोबर आहे माय. ती म्हणाली, मी खोटं बोलली तुमच्याशी. लोक म्हणाले, तू कधी खोटं बोललीच नाही. ती जितकं सांगत गेली तितकी मोठी होत गेली. बकरीला डेगीत बसवून कोण नदी पार करतं, एवढा साधा प्रश्न जमादारानं विचारला आणि सगळे हसले. एवढी शहाणी बाई असं करेल का.

फक्त भीमराज हसला नाही. तो ओल्या अंगानं आईकडे बघत होता. पुरणपोळ्या, वडाभात, मांडे, सगळं एकदम त्याच्या ध्यानात आलं.

‘माय,’ तो म्हणाला, ‘खरं हाये ना हे?’

‘खरं हाये बापा.’

‘मंग त्याइले समजन असं सांग.’

मथुराबाईनं लुगडं खोचलं. सोल सोडून डेग सरळ केली, आडवी पाडून गडगडत पाण्यात नेली. काठावर इंदूबाईची बकरी चरत होती, ती उचलली आणि डेगीत उभी केली. इंदूबाई ओरडायच्या आत मथुराबाई कमरेइतक्या पाण्यात होती, डेग ढकलत.

आणि डेग तरंगायला लागली. अशी सरळ, अशी डौलात, जशी मुंबईची आगबोट. बकरीही चारही पाय रोवून शहाण्यासारखी उभी. काठावरून कोणीतरी म्हणालं, पाहा, कोठी बुडते, बाई उगाच म्हणून राह्यली. जन्मात मथुराबाईनं कशाची एवढी इच्छा केली नसेल जेवढी तेव्हा त्या डेगीनं बुडावं अशी केली.

डेग वळणाजवळ आली, जिथं डेगीवरून सुटलेला भीमराजचा दुसरा भोपळा अजून तरंगत होता. बकरीनं तो पाहिला. मान लांब केली. गेरूचा वास घेतला, एका अंगाला वाकली आणि भोपळ्याला तोंड लावलं. डेग कलंडली, गटागटा पाणी प्यायली आणि जिथून आली होती तिथंच खाली गेली. बकरी पोहत काठाला आली, अंग झटकलं आणि जमादाराला भिजवलं.

मथुराबाई पाण्यात उभी राहून वळली.

‘अशी,’ ती म्हणाली. ‘आन लखीरामची गाडी पाह्यली का म्हनून तुम्ही इचारलं, तं गेलती म्हनलं म्या. ते त्याच्यावर येईन हे मले तवाच समजलं व्हतं.’

आता पटलं. सगळ्यांना पटलं, आणि एकदा पटल्यावर गाव असं हसलं की पलीकडच्या काठावरचे बगळे उडाले. बकरीला डेगीत बसवलं. ते दुधाच्या मापाचे मालक डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. इंदूबाईनं जावेला शिव्या दिल्या आणि शिव्या देता देता हसली. जमादारानं दोरी सोडून परत कमरेला बांधली आणि ठाण्यात काय सांगू आता, असं म्हणत तोही हसला. लोक म्हणाले, मथुराबाई, तू पन ना. आणि झालं. एवढ्यावर सगळं मिटलं. कोणी तिला काही म्हटलं नाही. दोन वर्षं ज्या क्षणाला ती भीत होती तो असा कौतुकानं निघून गेला, हे तिला चपराकीपेक्षा जास्त लागलं.

लखीराम हसत नव्हता. तो मनगटं चोळत होता. मग त्यानं सोल गुंडाळायला घेतला, कारण बैल जोडलेले होते आणि उन्हाचे ताटकळत उभे होते. पाटील म्हणाले, अरे थांब, इंजिन राह्यलं. तो थांबला नाही. कोणीतरी लाडानं म्हणालं, चल रे डेग्या, सुटला तू, आता तरी हास. आणि म्हणणाऱ्याला आपण काय म्हटलं ते कळलंही नाही.

मथुराबाई पाणी निथळत त्याच्यापुढं येऊन उभी राहिली. तिला पाय धरायचे होते, पण वाकायच्या आतच तो मागं सरकला.

‘नोको याडी,’ तो म्हणाला. ‘अठी तुह्यासाठी सगळे हासले. तांड्यात जमनी हाये. ते दोन साल पान्याले दुसऱ्या वाटेनं जाते. तिले काय सांगू म्या, बकरी व्हती म्हनून?’

लखीरामनं बैल गाडीला जुंपले, वर बसला आणि कासरा सैल केला. गाडी चढावरून तांड्याच्या वाटेला लागली. मागं भीमराज पुन्हा पाण्यात उतरायच्या तयारीत होता, नवा भोपळा मागत होता, पाटील पंप घेऊन ओरडत होते.

मथुराबाईनं पदर पिळला, डोक्यावर घेतला आणि गाडीच्या मागं चालायला लागली. तांडा जवळ नव्हता. चाकांची धूळ तिच्या ओल्या लुगड्यावर बसत होती. जमनीला काय सांगायचं ते तिला अजून सुचलं नव्हतं, नुसती चालत होती.

लखीरामनं एकदा मागं वळून पाहिलं. गाडी थांबवली नाही, पण बैलही हाकले नाहीत.